यो समुद्र नाय

मित्रांनो, मी नकाशावरची एक जुनी लाल पिन आहे, आणि आजवर एकाही माणसाला मी चुकीच्या रस्त्याने नेलेलं नाही. पुण्याहून येणाऱ्याला कोनच्या फाट्यावर वळा म्हटलं, की वळण तिथेच असायचं. तीनशे मीटरवर डावीकडे म्हटलं, की डावीकडे गल्ली असायचीच. रस्ता शेवटपर्यंत अगदी बरोबर. फक्त रस्त्याच्या शेवटी समुद्र नसायचा.

हे सांगताना मला मान खाली घालावीशी वाटते. पण माझं टोक आधीच खाली आहे, आणि त्या टोकाखाली जे आहे त्याचीच तर मला लाज वाटते.

माझा जन्म मितेशच्या अंगठ्याखाली झाला. मितेश पनवेलला एका बिल्डरच्या ऑफिसात बसतो. वय बत्तीस. त्याचा छंद एकच. शिडाच्या होड्या कुठून दिसतात, वारा कुठे चांगला लागतो, सूर्य कुठल्या जेट्टीवरून बुडताना छान दिसतो, अशा जागा शोधायच्या आणि फोनवरच्या नकाशात टाकायच्या. प्रत्येक जागेचे पॉइंट मिळतात. पॉइंटांचं काही येत नाही, पण नावापुढे एक चकचकीत बिल्ला लागतो.

एका रविवारी तो मोरा गावाच्या जेट्टीवर गेला होता. समोरून पांढऱ्या शिडाची होडी चाललेली, पाठीमागे धुक्यातली मुंबई. मितेशने असा फोटो काढला की मीसुद्धा जन्माआधीच हरखले. त्याने नाव टाईप केलं: ‘हिडन सेलिंग पॉइंट’. पण जेट्टीवर रेंज नव्हती. फोन नुसता गोल फिरत राहिला. मितेश घरी आला, काकाच्या तळ्याच्या बांधावर उभा राहून पायाचा चिखल धुवायला लागला, आणि तेवढ्यात रेंज आली. फोनने विचारलं, तुम्ही आत्ता याच जागी आहात का?

मितेश होता त्याच जागी होता. तो ‘हो’ म्हणाला.

अशी मी त्याच्या हौसाकाकीच्या जिताड्याच्या तळ्यात बरोबर मधोमध टोचली गेले. तळं चार गुंठ्यांचं. जिताडा हा खाडीतला मानाचा मासा. पावसाळ्यात बोटभर पिल्लं आणून तळ्यात सोडायची, चार-चार वर्षं पोसायची, आणि घरात मोठं कार्य निघालं की काढायची, अशी इकडची पद्धत. हौसाकाकीने नऊ जिताडे पोसले होते. त्यातल्या एकाच्या शेपटीचा लचका लहानपणी बगळ्याने तोडला होता. काकी त्याला ‘तुटक्या’ म्हणायची आणि सगळ्यात आधी खायला त्यालाच घालायची.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नकाशावर मला फक्त निळा रंग दिसत होता, आणि निळा तो निळाच.

पहिल्या महिन्यात लोक आले ते फोटो बघून. गाडी लावायचे, बांधावर चढायचे, इकडे बघायचे, तिकडे बघायचे. मग पुन्हा फोनकडे बघायचे आणि माझ्यावर विश्वास ठेवायचे. सव्वाशे किलोमीटर आलेल्या माणसाला आपण फसलो असं कबूल करायला जमत नाही, हे मला तिथेच कळलं. ते अभिप्राय लिहून जायचे. “समुद्र अपेक्षेपेक्षा लहान आहे, पण पार्किंग उत्तम.” “लाटा आल्या नाहीत.” कर्नाळ्याचा सुळका तळ्यावरून स्वच्छ दिसतो. त्याला एकाने दीपगृह समजून, दिवा बंद होता म्हणून माझा एक तारा कापला. तरी मी चार पूर्णांक दोन ताऱ्यांवर होते. त्या वेळी मला त्याचा अभिमान होता. आता तो आकडा आठवला तरी कसंतरी होतं.

काकी बांधावर उभी राहून ओरडायची, “अरं, यो समुद्र नाय! माजं तलं हाय! जिताडं हायत त्यात!”

तिला अभिप्रायांत उत्तर मिळालं: “स्थानिक काकू ओरडतात. एकदम ऑथेंटिक.”

मग काकीने प्लायवूडच्या तुकड्यावर खडूने ‘यो समुद्र नाय’ लिहिलं आणि बांधावर रोवलं. त्या बोर्डाबरोबर लोकांनी इतके फोटो काढले की माझं गिऱ्हाईक दुप्पट झालं.

“मित्या,” काकी म्हणाली, “तुजी ती टाचनी काढ.”

“काढतो काकी.” मितेशने खरंच नकाशावाल्यांना कळवलं, की ही जागा अस्तित्वातच नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. या जागेला दोनशे चौदा लोक भेट देऊन गेले आहेत, त्यामुळे ती अस्तित्वात आहे. उत्तर वाचून मितेश गप्प बसला. जास्त जोर लावला असता तर बिल्ला गेला असता, हेही कारण होतं. ते त्याने काकीला सांगितलं नाही. मी सांगतेय, कारण मलाही तेव्हा जायचं नव्हतं.

याच सुमारास समीक्षाचं लग्न जमलं. समीक्षा म्हणजे काकीची मुलगी. मुलगा प्रणित, मोऱ्याचा. दोघं एकाच कॉलेजात होती, त्यामुळे जमवायचं असं फार नव्हतंच. उरलं होतं ते व्याह्यांचं पहिलं जेवण. बैठकीत समीक्षाच्या वडिलांना, कमळाकरशेठना, जोर चढला. ते प्रणितच्या वडिलांना, भगवानकाकांना म्हणाले, “पयल्या जेवनाला आमच्या तल्यातला जिताडा. दुसऱ्या पान्यातला मासा तुमच्या ताटात पडला, तर लगीन मोडलं समजा!”

सगळे हसले. भगवानकाका हसले नाहीत. “शबुद ना, शेठ?”

“शबुद.”

रविवार ठरला. शनिवारी सकाळी घरचे सगळे खरेदीला पनवेलच्या बाजारात गेले. गाडी चालवायला मितेश. तळ्यावर मी एकटी.

दहाच्या सुमारास खारघरच्या कुठल्याशा सोसायटीचा नौकानयन गट आला. सहा माणसं, सहा लाइफ जॅकेट, एक फुगवायची होडी आणि तिला टेबलक्लॉथएवढं शीड. पुढे पांढरी टोपी घातलेले एक रिटायर्ड गृहस्थ होते, त्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. सायकलच्या पंपाने पाऊण तास होडी फुगवली. शीड उभारलं, वारा आला, होडी निघाली, आणि शीड उतरवायच्या आत समोरचा बांध आला. उलट्या दिशेनेही तसंच झालं. तिसऱ्या वेळी होडी चिखलात बसली.

“डेप्थ नाहीये,” कॅप्टन म्हणाले. “पाणी वाढवायला पाहिजे.”

“समुद्राचं पाणी कसं वाढवणार, कॅप्टन?”

“सिस्टीम असते. बघा, ती काय.”

बांधात एक लाकडी फळी असते, तिच्यामागे जाळी. भरतीला फळी वर करून खाडीचं पाणी आत घ्यायचं, मग लगेच फळी खाली. तिला इकडे उघाडी म्हणतात. कॅप्टननी फळी उचलून बाजूला ठेवली. जाळीत गवत अडकलं होतं, तर स्वच्छता म्हणून जाळीही काढली. भरतीचं पाणी धो धो आत आलं. टाळ्या झाल्या. त्या दिवशी त्यांनी तळ्याला चार फेऱ्या मारल्या, डबे खाल्ले, उघाडीसमोर उभं राहून व्हिडिओ काढला आणि साडेबाराला निघून गेले. फळी गवतातच राहिली.

मित्रांनो, नकाशावर ओहोटी नसते. तिथे पाणी कायम भरलेलं. पण मी तळ्यात टोचलेली होते, मला खालचं समजत होतं. भरती उलटली. पाणी निघालं. कडेचा चिखल आधी उघडा पडला, मग मधला. मला ओरडायचं होतं. पण मला एकच वाक्य येतं: इथे आहे, इथे आहे. तेच मी दिवसभर सगळ्यांना सांगत राहिले, पनवेलमध्ये, पुण्यात, कुठे कुठे. खाली जिताडे एकेक करून खाडीत निघून गेले.

काकी आली तेव्हा तळ्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि एक चप्पल. ती बांधावर बसली. रडली नाही. नऊ वेळा हाक मारली, शेवटची तुटक्याला. मितेश पिशव्या हातात घेऊन तसाच उभा.

“काकी, मी आत्ता बाजारातून...”

“बाजारातला?” कमळाकरशेठ ओरडले. “माजा शबुद हाय!”

“मग कशाला दिलात?” समीक्षा म्हणाली. “मासा माझ्या लग्नात कशाला घातलात, बाबा?”

शेठ मितेशच्या हातातल्या पिशव्या घेऊन, तोंड फिरवून आत गेले. माझ्याकडे तर तोंडच नव्हतं.

रविवारी व्याही आले. रस्ता सापडावा म्हणून मितेशने त्यांना मीच पाठवली होती. गावात दुसरी पिन नाही. भगवानकाका आणि प्रणितची आई वेणूकाकी गाडीतून उतरले, मागून प्रणित. त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी मोठं.

“शेठ, रिकाम्या हातानं कसं यायचं?” भगवानकाका म्हणाले. “आज सकालीच मेव्हन्याच्या जाल्यात गावला. नशीब बगा, जिताडा! तुमच्याकडं हायतच, पन ऱ्हावू दे आमच्याकडनं एक.”

काकीने पान उघडलं. शेपटीला लचका होता.

तिने पान पुन्हा झाकलं. काय बोलणार? दारात आलेल्या व्याह्यांना, हा आमचाच मासा, असं कसं म्हणायचं? त्यांनी चोरला असा अर्थ निघाला तर? तिने तुटक्याला उचललं आणि आत नेलं. मसाला वाटायचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच मोठा होता.

पंगत तळ्याकाठच्या मांडवात बसली. ताटं आली. कमळाकरशेठ भाताकडे बघत बसले. समीक्षा हातात वाढायचं भांडं घेऊन बापाकडे बघत उभी. भगवानकाकांनी शेपटीकडचा तुकडा उचलला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

“शेठ, यो आमीच आनलेला दिसतोय. तुमच्या तल्यातला कुठं हाय?”

शेठच्या कपाळावर घाम.

“नाय म्हंजे, शबुद तुमचाच व्हता. दुसऱ्या पान्यातला ताटात पडला तर...”

“अहो, खावा गुमान,” वेणूकाकी म्हणाल्या.

“खातंय ना. इचारलं फक्त.” असं म्हणून, शेठला जरा भाजून निघू द्यावं या हिशेबाने, त्यांनी डाव्या हातात फोन घेतला. फोनवर मी अजून उघडीच होते. ते माझे फोटो बघायला लागले. “ही शिडाची व्होडी तर आमच्या जेट्टीवरची... यो बोर्ड बरा हाय... आनि यो काय?”

तो कॅप्टनचा व्हिडिओ होता. काल संध्याकाळी त्यांनी माझ्या पोटात टाकला होता, पाच ताऱ्यांसकट. ‘पाण्याची पातळी वाढवण्याची उत्तम सोय.’ कॅप्टन हसतायत, पाठीमागे पाणी आत येतंय, आणि त्या पाण्याच्या तोंडाशी एक भला मोठा मासा प्रवाहाविरुद्ध बाहेर जायला बघतोय. शेपटीला लचका.

भगवानकाकांनी फोनकडे बघितलं. मग ताटाकडे. मग पुन्हा फोनकडे. शेवटी बांधापलीकडे चिखलाने भरलेल्या तळ्याकडे बघितलं, आणि हात ताटातच थांबला.

“इनबाय,” ते आत बघून विहिणीला म्हणाले, “तुमी वलखला व्हता?”

हौसाकाकी दारात आली. “पान उगडलं तवाच.”

“मंग बोलला का नाय?”

“पावन्यास्नी काय बोलू? चार वरीस हातानं चारलाय, भाऊ. शेवटी माज्याच चुलीवर आला, बरं जालं.”

भगवानकाकांनी फोन बंद करून उलटा ठेवला. मग तो शेपटीचा तुकडा उचलून स्वतःच्या हाताने कमळाकरशेठच्या ताटात घातला.

“शेठ, तुमचा मासा, तुमचं पानी. शबुद ऱ्हायला. लगीन ठरलं.”

समीक्षाने भांडं तिथेच खाली ठेवलं आणि आत गेली. प्रणितला ठसका लागला. शेठ एवढंच म्हणाले, “आठ गेलं, व्याही.”

“येतील जाल्यात. आले तर मेव्हना फोन करंल. पन ती लाल टाचनी आदी काढा. नाय तर हलदीला लोक व्होड्या घेऊन येतील.”

मितेश ताटावरून उठला आणि काकीच्या पाया पडला. काकीने त्याला हात धुवायला सांगितलं.

त्यानंतर तो बिल्ल्याची पर्वा न करता मागेच लागला. रोज अर्ज. शेवटी नकाशावाले म्हणाले, जागा काढता येणार नाही, हलवता येईल. मूळ जागेवर जाऊन खात्री करून द्या. मितेश मोऱ्याला गेला. मलाही मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता खऱ्या पाण्यात जायचं.

मित्रांनो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. छान जागा सापडली तर जरूर सांगा, माझ्यासारख्या पिना जरूर टोचा. पण टोचायच्या आधी अंगठा उचलून खाली बघा. तिथलं पाणी कोणी सांभाळलेलं आहे का, त्याला विचारा. आणि कुठे गेलात आणि समोर एखादी बाई सांगत असेल की हा समुद्र नाही, तर तिचं ऐका. ती तिथे राहते. मी नाही.

जेट्टीवर रेंज नव्हती. मितेश भगवानकाकांकडे चहाला गेला, परसात उभा राहिला, तेव्हा रेंज आली. फोनने विचारलं, तुम्ही आत्ता याच जागी आहात का? तो ‘हो’ म्हणाला.

मी आता भगवानकाकांच्या परसातल्या सिमेंटच्या टाकीवर आहे. समुद्र तिथून शंभर पावलांवर आहे. आज प्रणितची हळद आहे आणि टाकी टँकरच्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती. सकाळी दहा वाजता सहा जण लाइफ जॅकेट घालून आले. वेणूकाकींनी त्यांना समुद्र बोट करून दाखवला. पांढऱ्या टोपीवाले म्हणाले, तो दिसतोय, पण पिन इथे आहे. मग ते म्हणाले की पाणी फार साचलेलं आहे, थोडा प्रवाह पाहिजे, आणि त्यांनी टाकीचं बूच काढलं. बूच अजून सापडलेलं नाही.