शॅमरॉकची जुडी

जुडी निवडून झाली आणि मगच वसुंधरेचं लक्ष डब्यावरच्या हिरव्या रिबिनीकडे गेलं.

सकाळी ड्रायव्हर मुस्तफाने गाडीतून भाजीच्या पिशव्या आणून ओट्यावर टेकवल्या, त्यांतच कुरियरने आलेला तो डबा होता. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली, जराशी मलूल, तीन-तीन पानांची जुडी. कोवळी मेथी समजून तिने बसल्या बसल्या पानं खुडली, देठ कचऱ्यात टाकले. रात्री मॅडमच्या म्हाताऱ्या आईने, नूला आजीने, झोपू दिलं नव्हतं, डोळ्यांवर झापड होती. मग दुसऱ्या पिशवीतून खरी मेथी निघाली.

"अरे देवा," मुस्तफा चाळणीत डोकावला. "बाय, ही तर मॅडमच्या मावशीने आयर्लंडहून पाठवलेली शॅमरॉकची पानं! आठवडाभर वाट बघतायत त्या. आज सेंट पॅट्रिकचा सण ना त्यांचा, छातीवर लावतात ही. आता तुझी रजा खलास."

"तोंड आवर मेल्या, रोजा आहे ना तुझा?"

"रोजा आहे म्हणूनच खरं बोलतोय."

रजेचं नाव काढताच तिने हातातली चाळणी खाली ठेवली. उर्वीला, तिच्या लेकीला, आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेर म्हणजे राजापूरजवळचं कुलूप लावलेलं घर. आईच तिथे पोचली नाही तर ते उघडणार कोण? फिओना मॅडमने दोनदा हो म्हणून दोनदा पुढे ढकललं. आधी तिची आई पडली, मग ती शिकवते त्या शाळेच्या परीक्षा आल्या. "सतरा तारीख होऊ दे वसू, मग नक्की बोलू." आज सतरा तारीख होती, आणि आजच हातून हे झालं होतं.

तिने मेथीचे कोवळे शेंडे खुडले, दोऱ्याने बांधले आणि पाण्याच्या ग्लासात उभे केले. खुडलेली पानं वाटीत घालून फ्रिजमध्ये मागे सारली. दुपारी शाळेतून आलेल्या फिओनाने ग्लास पाहिला, फोटो काढला आणि मावशीला पाठवलाही. वसुंधरेची मान वर होईना.

संध्याकाळी ती नूला आजीला तयार करायला गेली. खुबा मोडल्यावर लेकीने म्हातारीला इथे आखातात, मदिनत सुलतान काबूसच्या आपल्या घरी आणून ठेवलं होतं. तेव्हापासून तिला उठवणं-बसवणं सगळं वसुंधरेकडे. ती स्वेटरवर मेथीचं पान टाचत होती, तेव्हा म्हातारीने ते नाकाशी धरलं, वसुंधरेकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान पाठवलंय हो माझ्या बहिणीने."

"आजी, तुमच्या गावी काय करायचात आज?"

"सकाळी चर्च, छातीवर पान. पोरांनी ईस्टरपर्यंत गोड सोडलेलं असायचं, त्यांना आजच्यापुरती मुभा. मग गायींची धार, ती काही सणाला थांबत नाही."

"आणि मॅडमने पार्टीसाठी आणल्यात त्या हिरव्या टोप्या?"

"त्या देशाबाहेर गेलेल्यांच्या. घरी असलेल्याला टोपी कशाला लागते?"

वसुंधरेला इथला पाडवा आठवला. हॉल भाड्याने घेऊन फेटे बांधून मिरवणारे लोक. गावी तिची आई गुढी उभारायची आणि लगेच गोठ्यात जायची.

इफ्तारनंतर फिओनाच्या मैत्रिणी आल्या. रमजान म्हणून पडदे ओढलेले, गाणी हळू आवाजात. हिरवा केक कापून झाला. फिओना वसुंधरेच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना म्हणाली, "ही नसती तर आमचं काही खरं नव्हतं. शाळेच्या उन्हाळी सुट्टीपर्यंत तरी राहणार ती. हो ना, वसू?"

वसुंधरा रिकाम्या बशा गोळा करू लागली. इतकी दमली होती की नाही म्हणायलाही अंगात बळ नव्हतं.

सणाच्या शेवटी छातीवरचं पान शेवटच्या पेल्यात बुडवून प्यायचं, अशी त्यांची रीत. म्हातारीने पान काढलं, बियरमध्ये सोडलं, घोट घेतला, मग पान तोंडात घालून सावकाश चावलं.

"कडू," ती म्हणाली. "आणि वास मसाल्याचा. फिओना, हे आपल्याकडचं पान नव्हे."

वसुंधरेने फ्रिजमधली वाटी आणून टेबलावर ठेवली. "भाजी समजून निवडली मी. चुकलं माझं."

फिओनाचा चेहरा उतरला. "सकाळी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर रजा दिली असती का?"

"ओरडू नकोस तिला," म्हातारी म्हणाली. "रात्र-रात्र मला उठवते-बसवते. तीन वर्षांत घर पाहिलेलं नाही. दमलेल्या बाईला भाजी काय आणि शॅमरॉक काय. माझ्याकडे कुणीतरी येईल. तिच्या लेकीकडे दुसरं कोण जाणार आहे?"

फिओनाने वाटी जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "उद्या मुस्तफाला घेऊन तिकिटाचं बघ. लवकरातलं लवकर मिळेल ते."

वसुंधरेने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त खाली बसावंसं वाटलं.

बायका गेल्यावर म्हातारीने वाटीकडे बोट केलं. "निवडलीच आहेस, तर फुकट का घालवतेस?"

वसुंधरेने कढईत लसूण टाकला, कांदा परतला, वर ती पानं. कढईत ती आकसून घासभर उरली. दोघींनी एकाच बशीतून खाल्ली.

"गवत आहे नुसतं," वसुंधरा म्हणाली.

"हो," म्हातारी म्हणाली. "खायला कधीच चांगली नव्हती."