कुऱ्हाडीवर जया

जयानं त्या सकाळी कुऱ्हाडीले धार लावली, मंग अंगठ्यावर पाहिली, मंग अजून लावली. धोंडबामामा डोंग्यातलं पाणी उपसून राहिला होता. तो म्हणे, "कोणाची दाढी करतं का वं?"

जयानं कुऱ्हाड फडक्यात गुंडाळली. आज विक्की ठेकेदाराचं लाकूड आणायचं होतं, आन् कुऱ्हाडीवर ती होती. दोन सालापासून याच दिवसाची वाट पाहून राहिली होती ती. रोजचा कुऱ्हाडवाला लग्नाले कामठीले गेला, तं मामानं विचारायच्या आधीच हिनं सांगून टाकलं, "मी बसीन."

आता खाप्याच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यात, पल्याडचा काठ इतका उभा आहे का ट्रॅक्टर सोड, बकरी उतरत नाही. तिथं साज्याची, म्हणजे ऐनाची, वाळली झाडं पडून राहतात. विक्की परवानगी काढून घेते आन् मामाचे डोंगे ते आणतात. साजा पाण्यात गोट्यावानी बुडते, म्हणून दोन डोंगे बाजूबाजूनं लावायचे, वरून आडव्या बल्ल्या बांधायच्या, आन् लाकूड मधात पाण्याखाली दोरांनी टांगायचं. मागं एक जण कुऱ्हाड घेऊन बसते. डोंगा कलला का दोर तोडायचा. कधी तोडायचा ते त्याचं त्यानं पाहायचं, नंतर कोणी त्याले जाब विचारायचा नाही. मामाच्या बापापासूनचा नियम आहे. नाहीतं कोण हातात घेईन कुऱ्हाड?

दोन सालाआधी विक्की हट्टानं कुऱ्हाडीवर बसला होता. जयाच्या भावाचा, गोविंदाचा, पाय दोरात अडकला. गोविंदा बोंबलून राहिला, तोड, तोड, आन् विक्की लाकडाकडे पाहून राहिला. लाकूड काठाले लागलं. पाय नागपूरच्या दवाखान्यात कापावा लागला. लोकं विचारायले गेले तं विक्की म्हणे, "कुऱ्हाडवाल्याले विचारत नाहीत." त्याच लाकडाची चौकट त्यानं घराले लावली. गोविंदा कुबडी टेकत रोज तिच्यासमोरून जाते.

आज लाकूड टांगून डोंगे निघाले तवा विक्की पांढरे बूट घालून मधातल्या बल्लीवर उभा, मोबाइलवर रील काढून राहिला होता.

"मामा, सांभाळून गा. नागपुरातल्या सदरच्या हॉटेलवाल्याले टेबलासाठी अख्खी एकच फळी पायजे. जोड नाही चालत."

त्याचा बूट मागच्या दोराले चिकटून होता. तिथं पाय ठेवू नको, हे जया कोणालेही सांगते. त्याले सांगितलं नाही.

मधात बुडालेल्या झाडाचा खुंट लागला. समोरचा दोर सटकला, लाकूड मुंडकं खाली करून लटकलं, मागचा दोर कचकन ताणला, आन् विक्कीचा पाय दोर आन् बल्लीच्या मधात. मोबाइल पाण्यात. डोंगा कलला.

जयानं कुऱ्हाड उचलली.

"थांब वं," विक्की म्हणे. "लाकूड जाईन. मामा, समोरून ओढा."

जया थांबली. कुऱ्हाड मांडीवर ठेवून थांबली.

लाकूड अजून घसरलं.

"तोड," विक्की म्हणे.

"आत्ताच तं नको म्हणे."

"तोड ना वं, पाय चालला माहा."

"गोविंदा असाच म्हणे का? तू तं समोरच होता."

"तुह्या पाया पडतो."

"माह्या नको. गोविंदाच्या पड. त्याले एकच आहे."

मामानं वल्हं दाबून धरलं होतं. त्यानं जयाकडे पाहिलं, आन् वल्हं अजून दाबलं. मंग काहीतरी करकरलं. बल्ली का हाड, जयाले समजलं नाही, पण तो आवाज तिनं पूर्ण ऐकून घेतला. मंग घाव घातला. लाकूड खाली गेलं, हॉटेलवाल्याच्या टेबलासगट.

काठावर लोकं जमले. विक्कीचा घोटा भोपळ्यावानी सुजला होता, पॅन्ट ओली होती, आन् ती काही धरणाच्या पाण्यानं नव्हती.

"हिनं मुद्दाम वेळ लावला," तो म्हणे. "मामा, विचारा हिले, काहून थांबली."

मामा तुटका दोर गुंडाळून राहिला होता. "कुऱ्हाडवाल्याले विचारत नाहीत गा."

घरी गोविंदा ओट्यावर बसला होता. जयानं कुऱ्हाड त्याच्याजवळ ठेवली. त्यानं धारेवर बोट फिरवलं.

"एकाच घावात?"

"एकाच."

"लवकर घातला?"

जया हातपाय धुवाले गेली. "नाही," तिकडूनच म्हणे.