अडुसष्ट पौंड

माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगायचं, हा माझा धंदा. एप्रिल ते ऑक्टोबर आमची जत्रा गावोगाव फिरते, तेव्हा मी गळ्यात शिट्टी अडकवून उभा असतो आणि माझ्यामागे खुर्ची टांगलेला भला मोठा काटा. तीन पौंडांच्या आत बरोबर आलो तर मी जिंकलो, नाहीतर गिऱ्हाइकाला प्लास्टरची बाहुली. मनगट बघायचं, मान बघायची, बुटाची टाच कुठल्या अंगानं झिजलीय ते बघायचं. बाकी सगळं कपड्यांचं नाटक असतं.

लोकांना वाटतं, मी जिंकायला बघतो. तसं नाही. बाहुली तिकिटापेक्षा स्वस्त पडते. एकशे ऐंशी पौंडांच्या बाईला 'एकशे पन्नास' म्हटलं की ती लाजते, नवरा हसतो, बाहुली काखेत मारून दोघं निघून जातात आणि त्यांचं बघून आणखी दहाजण पुढे येतात. खरा आकडा मला मनगटावरून कळतो. कुठला आकडा बोलायचा ते मात्र चेहऱ्यावरून. पंधरा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं की तोंड आपलं आपण बोलतं.

हिवाळ्यात जत्रा बंद, तेव्हा आम्ही सगळे जत्रावाले गिब्सनटन गावी असतो, नदीवरच्या पुलाच्या अलीकडे. इथला एकच नियम, आणि तो मला ओपलनं शिकवला. ओपल तीन फुटांची. जत्रा सोडून तिनं पुलाजवळ खाणावळ टाकली. गल्ल्यामागे फळीवर उभी राहून ती सगळ्यांवर हुकूम चालवते. सत्तेचाळीस साली मी नवा होतो. सवयीनं माझी नजर तिच्या मनगटावर गेली.

"ए वजनवाल्या!" ती भर खाणावळीत ओरडली. "ते कामाचे डोळे पुलापलीकडे ठेवून यायचं! इथं माणसाच्या तोंडाकडे बघायचं, नाहीतर आपल्या ताटाकडे. कळलं?"

सगळे हसले. मी मान खाली घालून मासा खाल्ला. तेव्हापासून नियम मोडला नाही. बाहेर लोक तिकीट काढून आम्हाला बघतात. घरी कुणी कुणाला बघत नाही. त्यासाठीच तर सगळे इथं येऊन राहिलेत.

एमेट माझा शेजारी. तंबूबाहेरच्या पडद्यावर त्याचं चित्र 'जिवंत सापळा' म्हणून होतं आणि चित्राखाली हातभर अक्षरात 'अडुसष्ट पौंड'. उंची साडेपाच फूट. त्याची बायको लोरेटा त्याच तंबूत विजेच्या खुर्चीत बसून नुसत्या बोटांनी बल्ब पेटवायची. मी जत्रेत आलो त्या पहिल्याच आठवड्यात गर्दीसमोरून मी पळ काढायला बघत होतो, तर एमेटनंच मला बाजूला घेतलं. म्हणाला, "हे बघ डेल, बघणाऱ्याचं बघून होऊ द्यायचं. तोवर हलायचं नाही. हललास की तू मेलास." तो स्वतः पंचवीस वर्षं अर्ध्या चड्डीवर न हलता उभा राहिला होता.

खायला मात्र राक्षस. ओपलकडे सकाळी सहा अंडी, वर लोणी फासलेली बिस्किटं.

"हे सगळं जातं कुठं रे मेल्या?" ओपल विचारायची.

"लोरेटा रात्री वायर लावून काढून घेते," तो म्हणायचा. "नाहीतर बल्ब कसा पेटणार?"

त्या हिवाळ्यात, म्हणजे बासष्ट सरताना, ताटात अंडी उरायला लागली. आधी दोन, मग चार. तो ती रुमालात गुंडाळून कुत्र्याला न्यायचा. "काय रे, पुढच्या सीझनची तयारी वाटतं?" असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे हसलो. एमेटही हसला. पडदे रंगवणारा म्हणाला, सांग, पडद्यावरचा आकडा कमी करून देतो, फुकटात. दुसऱ्या कुठल्याही गावात शेजाऱ्यानं रस्त्यात अडवून विचारलं असतं, की बाबा रे, किती वाळलास, दुखतंय का काही? आमच्याकडे कोण विचारणार? वाळणं हीच त्याची भाकरी होती, आणि बघायचं नाही हा आमचा नियम.

जानेवारीत एका दुपारी तो माझ्या अंगणात आला. मी काट्याची स्प्रिंग काढून तेलात बुडवली होती आणि तबकडीवरचे आकडे पुन्हा काळे करत बसलो होतो. तो उलट्या बादलीवर बसला. 

"मला सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"वजन. माझं."

मी ब्रश खाली ठेवला. पंधरा वर्षांत गावातल्या कुणी मला हे विचारलं नव्हतं. "एमेट, इथं नाही हं. ओपल माझी सालटी काढेल."

"ओपल गेली खड्ड्यात. मी विचारतोय ना? मी परवानगी देतोय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लोरेटानं डोकं खाल्लंय. टँपाला डॉक्टरकडे चल म्हणते. मी तिला म्हटलं, डेलला विचारतो. डेल अडुसष्ट म्हणाला तर तू गप्प बसायचं. कमी म्हणाला तर उद्याच्या उद्या येतो तुझ्याबरोबर."

"मग डॉक्टरकडेच जा की. माझं काय ऐकतोस?"

"डॉक्टर!" तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा होतो. खोकल्याचं औषध मागायला गेलो होतो. नागडा करून डॉक्टरी शिकणाऱ्या चाळीस पोरांसमोर टेबलावर उभा केला मला. दोन तास. छडीनं एकेक हाड दाखवत होते. आणि तिकीट एकाचंही नाही." तो उठून उभा राहिला, हात अंगालगत सोडले, तंबूत उभा राहायचा तसा. "बघ. नीट बघ."

मी बघितलं. कामाचे डोळे. मनगट, मान, बुटाची टाच. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली चार नवी भोकं होती. साठ. फार तर एकसष्ट. त्यात शंका नव्हती. मला असली शंका कधी येतच नाही.

मग सवयीनं मी चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्याला कुठला आकडा हवा होता, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"अडुसष्ट," मी म्हणालो.

ठरवून म्हणालो नाही. एवढं तरी माझं कुणी खरं मानावं. त्याचे खांदे सैल पडले. "एक पौंड इकडे नाही की तिकडे नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बघ म्हणावं तिला!" टोपी डोक्यावर घालून तो निघाला. फाटकातून वळून म्हणाला, "बरोबर सांगितलंस, म्हणजे बाहुली नाही ना मला?"

संध्याकाळी लोरेटानं कुंपणावरून मला संत्र्यांची पिशवी दिली. "माझा जीव टांगणीला लागला होता रे," ती म्हणाली. "तू सांगितलंस, आता गप्प बसते." मी पिशवी घेतली. संत्री गोड होती. मी सगळी खाल्ली.

त्यानंतर सात आठवडे गेले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज तो ओपलकडे भेटायचा, मी त्याच्या तोंडाकडे बघायचो आणि मग माझ्या ताटाकडे. मूग गिळून गप्प बसणं मला जड गेलं असंही नाही. आत काहीतरी बधिर झालं होतं, आणि ते तसंच राहिलं तर बरं, असं वाटत होतं.

मार्चमध्ये तो न्हाणीघरात पडला. लोरेटानं एकटीनं उचलून गाडीत घातला. टँपाच्या डॉक्टरनं पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला. गाठ होती, लिंबाएवढी. "जानेवारीत आणलं असतं तर कापून बघता आलं असतं," तो म्हणाला. हा डॉक्टर भला माणूस होता. त्यानं एमेटला चादरीनं गळ्यापर्यंत झाकून ठेवलं होतं आणि खोलीत दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. नवव्या दिवशी एमेट गेला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी घरी जाऊन काट्याची स्प्रिंग परत बसवली.

शवपेटी उचलायला आम्ही चौघंच होतो, सहाजणांची गरज नव्हती. मी पुढे डाव्या बाजूला. हाताला वजन कळू नये म्हणून मी मुद्दाम दुसरंतिसरं आठवत होतो, पण हात माझं ऐकत नाहीत. सगळं मिळून एकशे पंचेचाळीस. पेटीचं लाकूड नव्वद पौंड, पितळी कड्यांचे चार. उरले एकावन्न. दफनभूमीच्या फाटकापासून खड्ड्यापर्यंत मी तोच आकडा घेऊन चाललो.

प्रार्थना झाली. माती पडली. ओपल स्टुलावर उभी राहून मोठ्यानं रडली, मग सगळे तिच्या खाणावळीकडे गेले. मी आणि लोरेटा मागे राहिलो. तिच्या हातात एमेटची टोपी होती.

"डेल," ती म्हणाली, "जानेवारीत किती होता तो?"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला अडुसष्ट हवे होते. अडुसष्ट म्हणजे तेव्हा काही झालेलं नव्हतं, ती गप्प बसली यात तिची चूक नव्हती, गाठ मागाहून आली आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं. तिला रात्री झोप लागली असती. मलाही. आकडा जिभेवर येऊन बसला होता.

"साठ," मी म्हणालो. "फार तर एकसष्ट."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तू अडुसष्ट म्हणालास."

"हो."

 टोपी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि एक पाऊल मागे सरली, नीट दिसावं म्हणून मागे सरतात तशी. मग तिनं मला बघायला सुरुवात केली. आधी बूट. मग गुडघे, हात, मान. पुन्हा बुटांपासून. पंधरा वर्षांत या गावात मला कुणी असं बघितलं नव्हतं. घाई न करता, तोंडावर काही न आणता, तिकीट काढून आलेली माणसं बघतात तसं ती मला बघत होती.

मी हात अंगालगत सोडले. तिचं बघून होईपर्यंत मी हललो नाही.