एकशे पंचाहत्तर अक्षरं

सॅस्काटूनला उणे तीसची थंडी होती आणि डोरीन कोवालचुकला घाम फुटला होता. समोर तिच्या मार्गदर्शकांचा, वॉल्टर फ्रीसन यांचा लेख होता. मासिकाकडे पाठवलेला, इंटरनेटवरही झळकलेला. त्यात डोरीनच्या नावाचा मागमूस नव्हता.

कल्पना मात्र तिची. ती मूळची इलेक्ट्रॉनिक्सवाली. जीवशास्त्राच्या इमारतीत सगळे तिला ‘रेडिओवाली’ म्हणायचे. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, म्हणून त्यात दर तिसऱ्या अक्षराला एक ठेका असतो. डीएनएच्या अक्षरांना आकडे द्यायचे आणि रेडिओवर स्टेशन लावावं तसा तेवढाच ठेका फिल्टरने गाळून घ्यायचा. ठेका सापडला की तिथे जनुक. यावरच ती डॉक्टरेट करणार होती.

दोन वर्षांपूर्वी तिने पहिला प्रोग्रॅम एकट्या वॉल्टरना दिला. आठवड्याने त्यांनी बायकोने केलेल्या, बेरीचं गोड सारण भरलेल्या ‘पाय’चा तुकडा तिच्यापुढे सरकवला. म्हणाले, “पोरी, माझ्या लेकीलाही मी हेच सांगितलं असतं. यात दम नाही. सोडून दे.”

लेकीचं नाव काढलं आणि डोरीनबाई तिथेच विरघळली! मुकाट्याने गव्हाच्या रोगजंतूंची मोजदाद करत बसली. आता तीन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता आणि त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. इकडे हे आयत्या बिळावर नागोबा.

‘जनुकांच्या कडा थोड्या चुकतात, कारण कळलेलं नाही,’ असं लेखात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. डोरीनने लेखातलं पहिलं जनुक खऱ्या जागेशी ताडून पाहिलं. एकशे पंचाहत्तर अक्षरं पुढे. दुसरं, तेवढंच. विसावं, तेवढंच.

तिला रडूच आलं. तिचा फिल्टर एका वेळी तीनशे एक्कावन्न अक्षरं तोलायचा, म्हणून मधल्या अक्षराचं उत्तर एकशे पंचाहत्तर अक्षरं उशिरा यायचं. तेवढं मागे ओढून घ्यायचं असतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले ते डोळे मिटून करतात. प्रोग्रॅमच्या पहिल्या प्रतीत नेमकं तेच ती विसरली होती. चूक ध्यानात आली तोवर ‘सोडून दे’ म्हणून झालं होतं. मग सांगणार कुणाला?

लेखाचा प्रिंट काढून ती वॉल्टरच्या खोलीत गेली.

“वॉल्टर, हे माझं आहे.”

“अगं, एकच कल्पना दोघांना सुचते कधी कधी. चालायचंच.”

“कल्पना सुचेल हो. चूकसुद्धा माझीच सुचली?”

तिने आकडे पुढे ठेवले. वॉल्टरनी चष्मा लावला, बोट फिरवत सगळा तक्ता वाचला. चेहरा उतरला. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं. आता माफी मागतील, असं तिला वाटलं. अजूनही वाटलं!

“मासिकवाल्यांनी या कडांबद्दलच विचारलंय,” ते हळूच म्हणाले. “शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. नेमकी दुरुस्ती काय करायची, पोरी?”

केसाने गळा कापला होता तिचा, आणि तरी त्या ‘पोरी’ला ओ द्यायला तिचं तोंड उघडलंच होतं. तिने ते मिटलं.

“मासिकालाच कळवते,” ती म्हणाली. “पहिल्या प्रतीच्या तारखेसकट.”

आवाज फार कापला. त्याचीच तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.