चिंतामणी सरांची खुर्ची

आमच्या घरात एक समज पक्का आहे: जबलपुरात मराठी माणूस भेटला की काम झालंच. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी गाइड निवडायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "चिंतामणी सरांना घे अवंती. आपला माणूस आहे, सांभाळून घेईल." मी घेतलं, आणि मग त्या आपल्या माणसाला शोधत फिरले.

सरांच्या खुर्चीच्या पाठीवर एक तपकिरी स्वेटर लटकलेला असे. अर्थ असा की सर आलेले आहेत, आत्ताच कुठंसे उठून गेलेत. थंडीत हे खपून गेलं. होळी झाली, पंखे सुरू झाले, तरी स्वेटर जागचा हलेना. सर जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात खोव्याची जलेबी खाताना दिसायचे, पण तिथं सही मागितली की "केबिनमध्ये ये" म्हणायचे. त्यांची सही नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर वर्ष गेलं आणि मिळालेली नोकरीही गेली. मला रडायलाच यायचं.

प्रोजेक्टमधला माझा जोडीदार अक्षत मात्र रडणाऱ्यातला नाही. मराठी त्याला सगळी समजते, बोलतो हिंदीत. म्हणाला, "यार, सर को ही प्रोजेक्ट बना देते हैं."

आम्ही सरांच्या खुर्चीच्या गादीखाली दाब ओळखणारी एक पट्टी सरकवली. तिला जोडलेला छोटासा बोर्ड नाण्याएवढ्या बॅटरीवर चालायचा. खुर्ची रिकामी असेल तोवर तो झोपून राही. कोणी बसलं की जागा होई, आमच्या मोबाइलवर निरोप धाडी आणि पुन्हा झोपे. कागदावर नाव दिलं 'कमी विजेवर चालणारी आसन-नोंद यंत्रणा'. कॉलेजच्या फाटकात गाठल्यावर सरांनी ते नाव तेवढं स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, न वाचता मंजूर केलं.

निरोप फारसे आलेच नाहीत. एकदा आला तेव्हा आम्ही जिने चढत धावलो, तर सफाईवाल्या मीराबाई पंख्याखाली पाय वर घेऊन बसलेल्या. त्यांनी आम्हालाच विचारलं, "सर आ गए क्या?"

शेवटी परीक्षा आली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या. सर त्यांच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, हजर. मॅडमनी यंत्रणेच्या नोंदींचा आमचा आलेख पाहिला आणि थांबल्या. "इतनी छोटी बैटरी महीनों चली? कैसे?"

खरं सांगावं तर सर आमचे गुण कापणार, खोटं सांगावं तर मॅडम पकडणार. इकडे आड तिकडे विहीर.

"लगाया कहाँ था?" मॅडमनी विचारलं.

"सर के केबिन में," अक्षत बोलून गेला.

सरांची छाती फुगली. "मेरी देखरेख में, मैडम. मैं रोज़ चेक करता था."

मॅडमनी आलेख त्यांच्यापुढं धरला. त्यात एखाददुसरा उंचवटा सोडला तर दिवसामागून दिवस सपाट रेघ होती. "इसके हिसाब से तो कुर्सी पर शायद ही कोई बैठा. सर, यह सेंसर ग़लत है क्या?"

सेन्सर चुकला म्हटलं तर आम्ही नापास, बरोबर म्हटलं तर सर उघडे. सर माझ्याकडे वळले आणि हळूच मराठीत म्हणाले, "काहून वो अवंती, मले आधी नाही सांगितलं?"

"सांगायलाच येत होते सर रोज. तुम्ही खुर्चीत नव्हता."

सरांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, आलेखाकडे पाहिलं. एक शब्द बोलून ते सुटू शकत होते.

"सेंसर एकदम सही है, मैडम," सर म्हणाले. "लो पावर का प्रोजेक्ट है. बच्चों की बैटरी बचानी थी, इसलिए मैं बैठता ही नहीं था."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग आम्हाला पैकीच्या पैकी गुण देऊन म्हणाल्या, अशी यंत्रणा कॉलेजातल्या प्रत्येक खुर्चीखाली बसवायची शिफारस मी लेखी करते, आणि त्या कामाचे प्रमुख अर्थातच चिंतामणी सर.