पिंजाऱ्याने कसलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि स्वभावाने पहिल्यापासून भित्री. उंदीर, ऊन, ओल, लहान मुलांचे हात, मला कशाचीही भीती वाटते. उमरखेडला मोहिउद्दीन पिंजारी यांच्या गादीच्या दुकानात मी राहते. पण जीव जाईल की काय, अशी भीती मला आयुष्यात एकदाच वाटली. त्या दिवसाची ही हकिकत.

पातळ लाकूड वाकवून आणि सरसाने चिकटवून मला कोलकात्याच्या एका कारखान्यात घडवले. पुढे एका गुरुजींनी मला हौसेने आणले. त्यांची हौस चार महिने टिकली. उमरखेडहून बदली झाली तेव्हा ते गादी पिंजून न्यायला आले आणि गादी घेऊन मला दुकानातच ठेवून गेले. मोहिउद्दीनभाईंची मुलगी नाहिद तेव्हा दहा वर्षांची होती. तिने माझ्या पोटात गेलेले कापसाचे तंतू फुंकून काढले, त्या दिवसापासून मी तिची झाले.

नाहिदने रेडिओवर उज्ज्वलाताई या नामवंत वादक बाईंची गिटार ऐकली होती. गाणे नाही, ढोल नाही, नुसत्या सहा तारा. त्यांची एकच कॅसेट तिला मिळाली. ती मागे-पुढे फिरवून फिरवून नाहिद माझ्यावर वाजवायला शिकली. सहा वर्षांत कॅसेट झिजली, पण हात बसला.

ते २००६ साल होते. कापसाला भाव नव्हता. घरचा कापूस आणून मुलीच्या लग्नाच्या गाद्या भरून घेणारी माणसे दिसेनाशी झाली होती. मोहिउद्दीनभाईंची पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचे धनुष्य, दिवसदिवस भिंतीला टांगलेली असायची. ते हसायचेच विसरले होते. अशात उज्ज्वलाताईंचे पोस्टकार्ड आले. त्यांचा यवतमाळला कार्यक्रम होता. नाहिदच्या पत्राला त्यांनी उत्तर दिले होते: ‘कार्यक्रमाआधी ये. गिटार आण. दहा मिनिटे तुझे ऐकेन.’

नाहिदला आकाश ठेंगणे झाले. मला मात्र धसका बसला. एवढी मोठी बाई मला हातात घेणार! माझा टवका निघालेला काठ आणि उडालेला रंग पाहून त्या हसल्या तर?

मोहिउद्दीनभाईंनी रिकाम्या हातांना काम दिले. कापूस भरून, टाके घालून त्यांनी मला छोट्या गादीसारखी खोळ शिवली. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला मांडीवर घेतले आणि एकेक खुंटी पिळायला सुरुवात केली. पिंजाऱ्याचा नियमच तसा. पिंजणीची तात, म्हणजे तिची दोरी, जितकी कसलेली, तितका कापूस मोकळा होतो. ढिली तात कापसात गुरफटते. चाळीस वर्षे हा नियम कधी चुकला नव्हता.

“टन्न वाजली पाह्यजे,” ते म्हणाले. “मोठ्या बाईपुढं जायचं हाय.” आणि ते चक्क हसले.

दारात नाहिद उभी होती. तारा प्रमाणाबाहेर ताणल्या गेल्या, हे तिने पाहिले. तिने तोंड उघडले आणि मिटले. ते हसू तिला मोडवेना. मी मात्र घाबरून गार झाले. माझ्या पोटावर एक लाकडी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. सगळ्या तारांचा ओढा तिच्यावर असतो. ती उखडली की गिटार संपली.

आम्हा तिघांची एसटी महागावच्या पुढे गेली आणि थांबली. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. रस्त्यावर गाड्या आडव्या लावून कापूस ओतलेला होता. तासभर झाला तरी गाडी हलेना. खिडकीतून ऊन खोळीवर येत होते. आत सरस मऊ होऊ लागला. कर्र... मी कण्हले.

शेजारी फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरच्या मानीबाई बसल्या होत्या. त्यांनी कान टवकारले. “माय, या गोधडीत काय कण्हून राह्यलं वं?”

“गिटार हाय, मावशी,” नाहिद म्हणाली.

मानीबाईंनी खोळीला कान लावला. “आमचे बुढे बैलावर मीठ वाहत. ते सांगत, मुक्काम आला का पह्यले दोर सैल कर. नाही तं पाठ जाते.”

मोहिउद्दीनभाई म्हणाले, “बैल नोहे हे, मावशी. तार हाय. कसल्याबिगर वाजत नाही.”

नाहिद, बोल गं! मी मनात ओरडत होते. पण कोणी छेडल्याशिवाय माझा सूर निघत नाही. पुन्हा कर्र झाले आणि घोडी एका बाजूने उचलली. खोळीवर ठेवलेल्या नाहिदच्या हाताला तो हिसका जाणवला.

“अब्बा, तुमी लई कसल्या,” ती म्हणाली. “मले सकाळीच दिसलं होतं. तुमाले वाईट वाटंल म्हणून बोलली नाही.”

त्यांनी खोळ उघडली. घोडीखालच्या फटीत त्यांचे नख शिरले. त्यांचा चेहरा पडला. खाली वाकून त्यांनी सहाही खुंट्या उलट्या फिरवल्या. मी वाचले. पण वाजण्याजोगी उरले नव्हते.

यवतमाळला पोचलो तेव्हा कार्यक्रमाची घंटा झाली होती. ती दहा मिनिटेही गेली. नाहिद प्रेक्षकांत खुर्चीवर बसली. मोहिउद्दीनभाईंनी मला पोटाशी धरले होते. “माह्या हातानं झालं,” ते पुटपुटले.

उज्ज्वलाताई आल्या. त्यांनी वाजवायच्या आधी आपल्या गिटारला कान लावला आणि जाड तारेची खुंटी हळूच फिरवली. सूर घसरत खाली उतरला. चाळीस वर्षे तातीचा ताण कानाने मोजणारा माणूस ताठ बसला.

“बेटी, ढिली करून राह्यली ती.”

“हो अब्बा. काही सूर ढिल्या तारेवरच लागते.”

त्यांनी मला नाहिदच्या मांडीवर ठेवले. मग म्हणाले, “सकाळी मी तुले विचारलंच नाही.”

मित्रांनो, पुढे माझी घोडी पुन्हा बसवली, मी आजही वाजते. तुमच्या हाती कोणतीही वस्तू आली तर तिला किती ताण सोसतो, ते आधी जाणत्याला विचारा, मग तो जाणता वयाने लहान का असेना. आणि एखादी करकर तुमच्या कानावर आली, तर समोरचा माणूस कितीही आवडता असो, गप्प राहू नका. आम्हा वस्तूंना तोंड नाही. आमच्या वतीने तुम्हीच बोला, आणि वेळेवर बोला.