येनकायच्या हातची सिगारेट

माझी बायको शूजन गेल्याचा फोन दवाखान्यातून सकाळी दहाला आला. मुलाला सांगायला मी शाळेत गेलो. येनकाय वर्गात नव्हता. छ्यू बाई म्हणाल्या, "फानच्या गॅरेजमागे बघा. तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. तिथे आठवीतली चार पोरं मोडक्या मोटारसायकलींवर बसून सिगारेट ओढत होती. त्यांत माझा मुलगा. मला पाहून बाकीचे पळाले. तो बसूनच राहिला. मी त्याला सांगितलं आणि हात पुढे केला. तो वळला, आणि गॅरेजातून बाहेर आलेल्या फानच्या तेलकट कोटात तोंड खुपसून रडला.

फान म्हणाला, "वहिनींना ठाऊक होतं, दादा. त्याच म्हणाल्या, नदीवर चोरून बसण्यापेक्षा तुमच्या नजरेसमोर असू दे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

बायको गेली त्या दिवशी मला फानचा हेवा वाटला. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी तिला न्यायचं होतं. आलेल्या प्रत्येकाला मुलाने सिगारेट द्यायची, पेटवून द्यायची, ही आमच्याकडची रीत. डोक्याला पांढरी पट्टी बांधून येनकाय ओळीने फिरला. वारा होता, पण त्याच्या ओंजळीतली ज्योत एकदाही विझली नाही. प्रत्येक जण त्याच्या हातावर दोन बोटं टेकवून आभार मानत होता.

"सराईत दिसतोय," शूजनचा भाऊ म्हणाला. "घे, तूही ओढ एक. आता घरातला मोठा माणूस तू."

कोणीच अडवलं नाही. फानने तर बोटं नाही, अख्खा तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

माझ्यापाशी येऊन तो पुढे सरकला. "बाबांना नको. ते ओढत नाहीत."

लग्न ठरलं तेव्हा शूजनने मला सोडायला लावली होती. त्याला वीस वर्षं झाली.

"दे," मी म्हणालो.

त्याने पेटवून दिली. मी त्याच्या हातावर दोन बोटं टेकवली. हात गार पडला होता. मग मला जोराचा ठसका लागला.

"हळू, बाबा. एकदम आत नका घेऊ," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसला.

आता तो फानकडे जात नाही. जेवण झालं की आम्ही दोघं दाराशी स्टुलांवर बसतो, एकेक ओढतो. तो आईबद्दल बोलतो. पहाटे भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येतो.

सोड, असं त्याला मी अजून म्हटलेलं नाही.